मोठ्या आतड्यात पूर्ण होणारं औषध

सल्फासॅलाझिनची केशरी-पिवळी गोळी कारखान्यात बनते, पण औषध म्हणून ती तिथे पूर्ण होत नाही. शेवटचा टप्पा रुग्णाच्या मोठ्या आतड्यात पार पडतो आणि तो पार पाडतात तिथले जीवाणू. गोळी जठरातून जाते, सहा मीटरच्या आसपास लांबीचं लहान आतडं ओलांडते, आणि एवढ्या प्रवासात तिच्यातले बहुतेक रेणू जसेच्या तसे राहतात. मग अंधनाळ, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, लागते. तिथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, जीवाणूंची दाटी एकदम वाढते, आणि रेणूच्या मधोमध असलेला दोन नायट्रोजन अणूंचा जोड, म्हणजे ॲझो बंध, तुटतो. एका बाजूला सल्फापायरिडिन सुटं होतं, दुसऱ्या बाजूला ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच ५-एएसए. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारात, सुजलेल्या आतड्याला उपयोगी पडतं ते मुख्यतः हे दुसरं.

हे एकदा समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. औषध तोडणारे जीवाणूच असतील, तर सोबत प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंची मात्रा, दिल्यावर ते जास्त तुटेल का? आणि जास्त तुटलं तर रुग्णाला जास्त बरं वाटेल का? हे दोन प्रश्न एकमेकांना इतके चिकटून विचारले जातात की पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचंही ‘हो’ धरून टाकलं जातं. माझ्या मते या विषयातल्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. रेणू किती तुटला याला महत्त्व आहेच, पण तो कुठे तुटला याला त्याहून जास्त आहे. आणि परीक्षानळीतल्या किंवा प्राण्यावरच्या प्रयोगात हे ‘कुठे’ सहज निसटून जातं.

आधी हिशेब. सल्फासॅलाझिनचा रेणुभार ३९८.४ आहे, सल्फापायरिडिनचा २४९.३ आणि ५-एएसएचा १५३.१. दोन तुकड्यांची बेरीज मूळ रेणूपेक्षा चारने जास्त भरते, कारण बंध तुटताना चार हायड्रोजन अणू आत येतात. ५०० मिलिग्रॅमची गोळी पूर्ण तुटली तर सुमारे ३१३ मिलिग्रॅम सल्फापायरिडिन आणि सुमारे १९२ मिलिग्रॅम ५-एएसए मिळतं. म्हणजे गोळीचा मोठा हिस्सा ५-एएसए वाहून नेणाऱ्या वाहकाचा, सल्फापायरिडिनचा, असतो. हा वाहक गप्प बसत नाही. तो मोठ्या आतड्यातून बऱ्यापैकी रक्तात जातो, यकृतात त्याचं ॲसिटिलेशन होतं (त्यावर ॲसिटाइल गट चढतो), आणि मळमळ, डोकेदुखी अशा मात्रेबरोबर वाढणाऱ्या तक्रारींचा बराच भाग त्याच्याच नावावर जमा होतो. ज्यांच्या यकृतातलं एनएटी-२ हे एन्झाइम मंद असतं त्यांच्या शरीरात तो जास्त वेळ रेंगाळतो. ॲसिटिलेशन जलद असणाऱ्यांत त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे १०.४ तास, तर मंद असणाऱ्यांत सुमारे १४.८ तास. ५-एएसए मात्र रक्तात फारसं जात नाही. ते आतड्याच्या अस्तराजवळच काम करतं, आणि ते तिथेच राहावं हीच अपेक्षा असते.

ॲझो बंधाचा आणि सल्फा औषधांचा संबंध अगदी मुळापासूनचा आहे. प्रॉन्टोसिल हा लाल रंग जोसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिट्झ्श यांनी तयार केला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी स्ट्रेप्टोकॉकसची लागण केलेल्या उंदरांवर तो तपासला. उंदीर वाचले. पण त्याच जीवाणूंवर परीक्षानळीत प्रॉन्टोसिल टाकलं तर काहीच होत नव्हतं. डोमाक यांचा निबंध फेब्रुवारी १९३५ मध्ये आला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक आणि तेरेझ त्रेफुएल, नित्ती आणि बोव्हे यांनी कोडं सोडवलं: शरीरात ॲझो बंध तुटतो आणि रंगहीन सल्फानिलामाइड सुटतं, तेच खरं काम करतं. पॉल गेल्मो यांनी ते १९०८ मध्येच बनवून ठेवलेलं होतं. नळीत निष्क्रिय आणि शरीरात सक्रिय अशा औषधांचा विचार नीट सुरू झाला तो इथून.

सल्फासॅलाझिन घडवलं स्टॉकहोमच्या नाना स्वार्त्झ यांनी, फार्मासिया कंपनीच्या रसायनतज्ज्ञांबरोबर. संधिवात हा जंतुसंसर्गातून होतो अशी त्यांची समजूत होती. म्हणून जंतूंसाठी सल्फापायरिडिन आणि सुजेसाठी सॅलिसिलिक आम्लाचा भाग, असे दोन्ही एका रेणूत बांधायचे, हा विचार. कोलायटिसच्या रुग्णांनाही त्याने बरं वाटतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९४२ पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. मूळ समजूत टिकली नाही, औषध टिकलं. रेणू तोडणारे जीवाणूच आहेत हे पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना औषध दिलं तर ते न तुटताच बाहेर पडत होतं. नेहमीच्या उंदरांमध्ये, आणि निर्जंतुक उंदरांच्या आतड्यात जीवाणू सोडल्यावर त्यांच्यातही, ते तुटत होतं. पुढे १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी मूळ औषध आणि त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या रुग्णांना थेट एनिमावाटे, म्हणजे गुदद्वारातून, दिले. मूळ औषध किंवा ५-एएसए मिळालेल्यांपैकी सुमारे पाऊण रुग्णांच्या आतड्यात सुधारणा दिसली. नुसतं सल्फापायरिडिन मिळालेल्यांत ती सुमारे एक तृतीयांशांतच होती. या प्रयोगाचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्यांनी प्रश्न जागेसह विचारला होता. तुकडे तोंडावाटे दिले असते तर दोन्ही लहान आतड्यातच शोषले गेले असते आणि काहीच कळलं नसतं.

संधिवातात गणित वेगळं आहे. तिथे सल्फापायरिडिनकडे, काही अंशी न तुटलेल्या मूळ रेणूकडे, बोट दाखवलं जातं. त्यामुळे ‘प्रोबायोटिकने सल्फासॅलाझिनचा परिणाम वाढतो का’ असं विचारताना आजार कोणता हे आधी सांगावं लागतं. एकाच्या दृष्टीने हवा असलेला तुकडा दुसऱ्याच्या दृष्टीने त्रासाचा असतो.

आता प्रोबायोटिककडे. साध्या मात्रेत शंभर कोटी ते एक हजार कोटी जिवंत जीवाणू असतात. माणसाच्या शरीरातल्या जीवाणूंचा अलीकडचा, सर्वांत जास्त मानला जाणारा अंदाज ३८ लाख कोटींचा आहे आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. एक हजार कोटींची पूर्ण मात्रा एकही न मरता तिथे पोहोचली असं धरलं तरी एकास तीन हजार आठशे असं प्रमाण पडतं. शिवाय मोठ्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस, क्लॉस्ट्रिडियम, युबॅक्टेरियम, एन्टेरोकॉकस, ई. कोलाय अशा कितीतरी गटांकडे ॲझोरिडक्टेज, म्हणजे ॲझो बंध तोडणारी एन्झाइमं, आधीच आहेत. निरोगी मोठ्या आतड्यात सल्फासॅलाझिन जवळजवळ पूर्ण तुटतं. जिथे काम आधीच पुरं होतंय तिथे आणखी कामगार आणून मिळवायचं काय?

पण लहान आतड्याच्या वरच्या भागात चित्र उलट आहे. तिथे एका मिलिलिटरमध्ये हजार ते दहा हजारच जीवाणू सापडतात. तेवढ्यांच्यात प्रोबायोटिकची मात्रा आली तर काही तास संख्येत तीच वरचढ ठरू शकते. त्या स्ट्रेनकडे, म्हणजे जीवाणूच्या त्या विशिष्ट वाणाकडे, कार्यक्षम ॲझोरिडक्टेज असेल आणि परिस्थिती जुळली तर रेणू वेळेआधी तुटेल, ५-एएसए लहान आतड्यातच शोषलं जाईल आणि सुजलेल्या मोठ्या आतड्यापर्यंत कमी पोहोचेल. एन्झाइमची ताकद वाढली म्हणून उपचार सुधारला असं म्हणणाऱ्याने हा धोका आधी तपासायला हवा. लहान आतड्यात मुळातच जीवाणूंची अतिवाढ झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर हा विचार औषध निवडतानाच व्हावा.

हे ‘कुठे’ मोजता येतं, आणि त्यासाठी आतड्यात काही घालावं लागत नाही. गोळी घेतल्यावर दीड तासाच्या आत रक्तात मूळ सल्फासॅलाझिन थोडं दिसू लागतं, कारण लहान आतडं त्यातला थोडासा भाग शोषतं. त्याचं शिखर सरासरी सहा तासांनी येतं. सल्फापायरिडिनचं शिखर मात्र दहा तासांच्या आसपास. हा उशीर म्हणजे अंधनाळेपर्यंतच्या प्रवासाचा वेळ. रक्तात सल्फापायरिडिन पहिल्यांदा कधी दिसतं यावरून अन्न तोंडापासून अंधनाळेपर्यंत किती वेळात पोहोचतं ते मोजण्याची पद्धतही रूढ आहे. त्यामुळे प्रोबायोटिकच्या चाचणीत फक्त वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे रक्तात एकूण किती औषध आलं, ते पाहून थांबू नये. पहिल्या सहा तासांत दर अर्ध्या तासाने नमुना घ्यावा आणि सल्फापायरिडिनची पहिली हजेरी पुढे सरकली की मागे, ते पाहावं. हजेरी लवकर लागली तर दोन अर्थ निघतात: रेणू वरच तुटला, किंवा आतड्याची गती वाढली. दोन्ही वेगळे करायचे तर जठर रिकामं होण्याची खूण म्हणून त्याच वेळी पॅरासिटामॉल देतात, आणि पुढच्या प्रवासासाठी जीवाणूंवर अवलंबून नसलेली वेगळी खूण वापरतात. श्वासातला हायड्रोजन मोजण्याची पद्धत इथे गैरसोयीची आहे, कारण तो हायड्रोजन जीवाणूच बनवतात आणि आपण नेमके जीवाणूच बदललेले असतात.

प्रयोगशाळेत एखादा स्ट्रेन हा बंध तोडतो का, हे पाहणं ऐकायला सोपं वाटतं. केशरी द्रावण, त्यात जीवाणू, ३७ अंश सेल्सियस, आणि रंग गेला की झालं. खरं काम त्या रंगाच्या पलीकडे आहे.

पहिली अट ऑक्सिजन नसण्याची. ॲझोरिडक्टेज बहुधा फ्लेव्हिन वापरणारी एन्झाइमं असतात. एनएडीएच किंवा एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूंकडून इलेक्ट्रॉन घेऊन ती बंधाला देतात. आसपास ऑक्सिजन असला तर तो हे इलेक्ट्रॉन मधल्यामध्ये पळवतो. म्हणून ८५ टक्के नायट्रोजन, १० टक्के हायड्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या ॲनएरोबिक चेंबरमध्ये काम करायचं. माध्यम, बफर, पिपेटची टोकं, प्लास्टिकच्या नळ्या, सगळं आदल्या दिवशी आत ठेवायचं. प्लास्टिक ऑक्सिजन धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, हे विसरलं जातं. माध्यमात ऑक्सिजनची खूण दाखवायला लिटरमागे एक मिलिग्रॅम रिझाझुरिन आणि उरलासुरला ऑक्सिजन घालवायला ०.०५ टक्के सिस्टीन हायड्रोक्लोराइड. रिझाझुरिन आधी निळं, मग गुलाबी आणि ऑक्सिजन पुरेसा गेला की रंगहीन होतं. गुलाबी छटा दिसत असेल तर जीवाणू टाकूच नयेत, मग कितीही घाई असो. आणि गुलाबी रंग हटतच नसेल तर संशय चेंबरमधला ऑक्सिजन हायड्रोजनशी जोडून संपवणाऱ्या पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर घ्यावा. तो ओलाव्याने आणि हायड्रोजन सल्फाइडने मंदावतो. बाहेर काढून १६० अंशांच्या आसपास काही तास तापवला की बहुधा पुन्हा कामाला लागतो.

दुसरी अट औषध नीट विरघळवण्याची. सल्फासॅलाझिन आम्लधर्मी पाण्यात फार कमी विरघळतं. ७९.७ मिलिग्रॅम औषध १० मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात घेतलं की २० मिलिमोलर साठा होतो. त्यातले ५ मायक्रोलिटर एक मिलिलिटर द्रावणात घातले की १०० मायक्रोमोलर मिळतं आणि डीएमएसओ अर्ध्या टक्क्यावर राहतं. ही मात्रा मोजायला सोयीची आहे, पण आतड्यातली नव्हे. दिवसाचे दोन ग्रॅम म्हणजे पाच मिलिमोल. मोठ्या आतड्यातला द्रव अर्धा लिटर धरला तर हिशेब दहा मिलिमोलरच्या घरात जातो. म्हणून एक मिलिमोलरवरही प्रयोग करावा. कमी मात्रेत चलाख दिसणारा स्ट्रेन जास्त मात्रेत दमतो की नाही, ते तिथे कळतं.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. लॅक्टोबॅसिलस वाढवायचं नेहमीचं माध्यम एमआरएस. त्यात भरपूर ग्लुकोज असतं, जीवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात आणि रात्रभरात पीएच ६.२ वरून चारच्या आसपास उतरतो. या आम्लात सल्फासॅलाझिन साक्याबरोबर (गाळाबरोबर) तळाशी बसतं. वरचं द्रावण फिकट होतं, ३६० नॅनोमीटरचं शोषण घसरतं, आणि ‘स्ट्रेनने ऐंशी टक्के औषध तोडलं’ असा निष्कर्ष वहीत उतरतो. खरं तर एकही बंध तुटलेला नसतो. साका सौम्य अल्कधर्मी मिथेनॉलने धुतला तर केशरी रंग परत येतो. जीवाणूंच्या भिंतीलाही हा रेणू चिकटतो. म्हणून उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची नळी, जीवाणू नसलेली नळी आणि पीएच मुद्दाम चारवर आणलेली नळी, अशा तिन्ही सोबत हव्यातच. सिस्टीनसारखे पदार्थ स्वतःच थोडा बंध तोडतात का, तेही जीवाणू नसलेल्या नळीतच दिसतं.

यावर चांगला उपाय म्हणजे वाढीचं माध्यम सोडून देणं. जीवाणू वाढीच्या भराच्या शेवटी गोळा करावेत, ऑक्सिजनरहित फॉस्फेट बफरमध्ये (०.१ मोलर, पीएच ७) दोनदा धुवावेत आणि त्याच बफरमध्ये, थोडंसं ग्लुकोज घालून, मिलिलिटरमागे दहा कोटी ते शंभर कोटी असे ठेवावेत. ग्लुकोज अजिबात नसेल तर एनएडीएच संपतं आणि चांगला स्ट्रेनही निकामी दिसतो. संख्या प्लेटवर मोजावी. नुसत्या गढूळपणावरून अंदाज बांधला तर साखळी करणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत तो सपशेल चुकतो. ०, १, २, ४, ८ आणि २४ तासांना १०० मायक्रोलिटर काढून ते ३०० मायक्रोलिटर थंड मिथेनॉलमध्ये टाकावेत. त्या मिथेनॉलमध्ये थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल असावं, कारण ५-एएसए हवेत आणि उजेडात तपकिरी होत जातं. ते मोजायच्या आधीच नाहीसं झालं तर स्ट्रेनवर उगाच आळ येतो.

मग एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), त्यात सी-१८ स्तंभ, आणि जमाखर्च. एका मिलिलिटरमध्ये १०० नॅनोमोल घातले होते. शेवटी शिल्लक सल्फासॅलाझिन आणि तयार झालेलं सल्फापायरिडिन यांची बेरीज १०० च्या जवळ यायला हवी. सल्फापायरिडिन बऱ्यापैकी टिकाऊ आहे, म्हणून हिशेबाचा आधार तेच. मूळ औषध ऐंशीने घटलं आणि सल्फापायरिडिन पंधरानेच वाढलं असेल, तर उरलेले पासष्ट कुठे गेले ते शोधल्याशिवाय आलेख काढू नये. माझं मत विचाराल तर फक्त रंग घटल्यावर आधारलेला कोणताही दावा मी प्राथमिक निरीक्षण मानेन, निष्कर्ष मानणार नाही.

प्राण्यांकडे वळलं की अडचणी बदलतात. उंदीर आपल्या लेंड्या खातो, त्यामुळे जीवाणू आणि औषध दोन्ही पुन्हा वरून आत जातात. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्याने हे कमी होतं, पूर्ण थांबत नाही. उंदराच्या जठराच्या पुढच्या भागातच लॅक्टोबॅसिलसचा थर असतो, माणसाच्या जठरात तसा नसतो. त्यामुळे वरच तुटण्याची शक्यता दोघांत सारखी नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम आणि स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरियस अशा तीन स्ट्रेनचं मिश्रण उंदरांना देऊन पाहिलं. मोठ्या आतड्यातला ऐवज बाहेर काढून तपासल्यावर ॲझोरिडक्टेजची ताकद वाढलेली दिसली. पण त्याच प्रकारे तयार केलेल्या उंदरांना तोंडावाटे सल्फासॅलाझिन दिल्यावर रक्तातल्या पातळ्या बदलल्या नाहीत. संधिवाताच्या रुग्णांवरच्या त्यांच्या छोट्या अभ्यासातही थोड्या दिवसांच्या प्रोबायोटिकने औषधाच्या चयापचयात लक्षणीय फरक पडला नाही. मला हे निष्कर्ष निराशाजनक वाटत नाहीत. ते अगदी अपेक्षित दिशेचे आहेत. एन्झाइम मुबलक असेल तर वेग ठरतो तो औषध अंधनाळेत किती वेगाने पोहोचतं त्यावर, तिथल्या एन्झाइमच्या साठ्यावर नव्हे.

साठा खरोखर आटतो तेव्हा मात्र फरक दिसतो. ॲम्पिसिलिन दिल्यावर रक्तातलं सल्फापायरिडिन घटतं, मेट्रोनिडाझोलने तसं होताना आढळलं नाही. शस्त्रक्रियेने इलिओस्टॉमी केलेल्या रुग्णांत, जिथे मोठं आतडं वाटेतच नसतं, औषध बरंचसं न तुटता बाहेर येतं. जोराच्या जुलाबांत प्रवास इतका घाईचा होतो की जीवाणूंना वेळच मिळत नाही. प्रोबायोटिकचा उपयोग शोधायचाच असेल तर तो अशा गटात शोधावा: प्रतिजैविकांचा कोर्स नुकताच संपलेले रुग्ण, ज्यांच्यात सल्फापायरिडिनची पातळी खरोखर घसरलेली आहे. धडधाकट आतड्यांच्या स्वयंसेवकांवर अशी चाचणी केली तर ‘फरक नाही’ हे उत्तर जवळपास आधीच ठरलेलं असतं.

उलट दिशेचा प्रश्नही आहे: औषध प्रोबायोटिकला मारतं का? सल्फा औषधं डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज या एन्झाइमवर पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाची जागा अडवतात आणि जीवाणूचं फोलेट (वाढीला लागणारं ब गटातलं जीवनसत्त्व) बनणं थांबवतात. ज्या जीवाणूला फोलेट बनवताच येत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं, त्याला या अडवणुकीचं काही वाटत नाही. लॅक्टोबॅसिलस कुळातले पुष्कळ असे आहेत. अन्नातलं फोलेट मोजण्यासाठी वर्षानुवर्षं वापरला गेलेला एटीसीसी ७४६९ हा लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा स्ट्रेन याच गरजेमुळे निवडला गेला: फोलेट मिळेल तेवढीच त्याची वाढ. काही बिफिडोबॅक्टेरियम मात्र फोलेट स्वतः बनवतात, ई. कोलायही बनवतो. त्यामुळे कोलायटिसमध्ये वापरला जाणारा निस्ल १९१७ हा ई. कोलायचा स्ट्रेन आणि एखादा लॅक्टोबॅसिलस यांना सल्फापायरिडिनसमोर एकाच मापाने मोजता येणार नाही.

ही चाचणी एमआरएसमध्ये केली की पुन्हा फसगत होते. १९४० मध्ये डोनाल्ड वुड्स यांना सल्फानिलामाइडचा परिणाम पुसून टाकणारा घटक सापडला तो यीस्टच्या अर्कात, आणि तो पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल निघाला. एमआरएसमध्ये लिटरमागे ४ ते ५ ग्रॅम यीस्टचा अर्क असतोच. त्यात थायमिडिनही असतं, म्हणजे फोलेटशिवाय भागवायची सोयही झाली. अशा माध्यमात कोणताही स्ट्रेन सल्फाला दाद देत नाही असंच दिसणार. लॅक्टोबॅसिलससाठी ९० टक्के आयसो-सेन्सिटेस्ट हे दुसरं माध्यम आणि १० टक्के एमआरएस असं मिश्रण प्रमाण मानलं जातं, बिफिडोबॅक्टेरियमसाठी त्यात थोडं सिस्टीन. त्यातही पीएच आणि सुरुवातीची संख्या काटेकोर ठेवावी लागते. सल्फाच्या बाबतीत वाढ एकदम न थांबता काही पिढ्या चालू राहते, कारण जीवाणूकडे आधीचं फोलेट शिल्लक असतं. म्हणून कडा धूसर दिसते, आणि ऐंशी टक्के वाढ थांबली ती मर्यादा धरायची असा रिवाज आहे. एखादा स्ट्रेन खरोखर प्रतिरोधक निघाला तर तो स्वभावतः तसा आहे की त्याच्याकडे सुल-१ किंवा सुल-२ सारखं दुसऱ्याला देता येणारं जनुक आहे, हे जीनोम वाचून ठरवावं. पहिल्याची काळजी नाही. दुसरा रुग्णाच्या आतड्यात सोडू नये.

यात रुग्णाच्या फोलेटचाही धागा आहे. सल्फासॅलाझिन आतड्यातून फोलेट शोषलं जाण्यात अडथळा आणतं, म्हणून डॉक्टर बरेचदा सोबत फोलिक ॲसिड देतात. चाचणीत एका गटाला ते आणि दुसऱ्याला नाही असं झालं, तर जीवाणूंवरचा परिणामही त्यात मिसळतो. अलीकडे तर असंही दिसलं आहे की आतड्याच्या आजारासोबत सांधे दुखणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्या आतड्यात फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी भरपूर असतो त्यांना सल्फासॅलाझिन जास्त लागू पडतं, आणि सल्फापायरिडिनमुळे त्या जीवाणूकडून ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल जास्त तयार होतं. म्हणजे ज्याला आपण वाहक म्हणून बाजूला ठेवलं, तो जीवाणूंच्या मार्फत उपचारात हात घालतो आहे.

जे हे औषध आज घेत आहेत त्यांच्यासाठी एवढंच: प्रोबायोटिक घेतलं म्हणून मात्रा स्वतःहून कमी करायला कोणताही आधार नाही, आणि प्रतिजैविक सुरू झालं तर सल्फासॅलाझिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते कळायला हवं. प्रतिकारशक्ती फार दबलेली असेल किंवा मोठ्या शिरेत कॅथेटर असेल तर जिवंत जीवाणूंची पुडी विचारल्याशिवाय घेऊ नये. सल्फाची ॲलर्जी किंवा जी-६-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर प्रश्न प्रोबायोटिकच्या कितीतरी आधीच संपतो.

स्ट्रेन निवडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी आणि ती सहसा पाहिली जात नाही. जीवाणू ५-एएसए सुटं करतात तसेच काही जीवाणू ते निकामीही करतात: त्याच्या अमिनो गटावर ॲसिटाइल गट चढवतात आणि एन-ॲसिटाइल-५-एएसए तयार होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आतड्यातल्या जीवाणूंची अशी अनेक एन्झाइमं ओळखली गेली, आणि त्यातली काही ज्या रुग्णांत होती त्यांच्यात ५-एएसए अपुरं पडून स्टिरॉइडची गरज लागण्याचं प्रमाण जास्त आढळलं. त्यामुळे ॲझो बंध झपाट्याने तोडणारा स्ट्रेन त्याच झपाट्याने हाती आलेलं ५-एएसए वाया घालवत असेल तर त्याचा उपयोग शून्य. तपासणं अवघड नाही. त्याच धुतलेल्या जीवाणूंना वेगळ्या नळीत १०० मायक्रोमोलर ५-एएसए द्यावं, २४ तासांपर्यंत तसेच नमुने घ्यावेत, आणि एचपीएलसीवर एन-ॲसिटाइल-५-एएसएचं शुद्ध प्रमाणद्रव्य चालवून त्याचं शिखर कुठे येतं ते आधीच माहीत करून घ्यावं. मारलेल्या जीवाणूंच्या नळीत ते शिखर नसावं. जिवंतांच्या नळीत ते वाढत गेलं, तर तो स्ट्रेन बंध कितीही चांगला तोडत असला तरी या औषधासोबतच्या चाचणीतून बाहेर काढावा.